प्रचारसभेत न आलेला प्रश्न

मालवण-कुडाळ भागात निवडणूक कशावरून लढली जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पर्ससीन जाळी आणि एलईडीच्या उजेडातली मासेमारी, किनाऱ्याची धूप, चिपीचा विमानतळ, मायनिंग, वैद्यकीय महाविद्यालयाचे श्रेय, आणि २६ ऑगस्ट २०२४ ला राजकोटावर कोसळलेला शिवाजी महाराजांचा पुतळा. एकेका प्रश्नावरून वाडीत दोन तट पडतात, चुलतभाऊ एकमेकांच्या गणपतीला जाईनासे होतात. पण देवबागपासून आचऱ्यापर्यंतच्या कुठल्या सभेत कुणी उठून उमेदवाराला ‘गर्भपाताबद्दल तुमचं मत काय?’ असे विचारल्याचे ऐकिवात नाही. उमेदवारालाही तो प्रश्न आपल्याला कुणी विचारील असे स्वप्नात येत नसावे.

अमेरिकेत याच एका प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस कोणत्या पक्षाचा ते ओळखता येते. तिथे न्यायाधीश नेमताना, राज्यपाल निवडताना, अध्यक्ष ठरवताना हा प्रश्न पहिल्या रांगेत बसलेला असतो. हा फरक का पडला, याचे आपल्याकडे एक ठरलेले उत्तर दिले जाते: तिकडे चर्चचा पगडा आहे, आपला समाज या बाबतीत मोकळा. मला हे उत्तर पटत नाही. आपल्या धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला घोर पातकांत घातले आहे. सिंधुदुर्गात कॅथलिक वस्ती जुनी आहे, २००५ पासून सावंतवाडीला स्वतंत्र धर्मप्रांताची गादी आहे आणि गर्भपाताबद्दल तिची भूमिका रोमपेक्षा वेगळी नाही. म्हणजे आक्षेप आपल्याकडेही होते आणि आहेत. त्या आक्षेपांवर मते मागायला कोणताही पक्ष उतरला नाही, एवढेच. का उतरला नाही, हे समजून घ्यायचे तर आधी जिथे पक्ष उतरले तिथे काय घडले ते पाहावे लागते.

अमेरिकेतले दोन पक्ष जन्मापासून या प्रश्नावर भांडत होते असे आज वाटते. साठ वर्षांपूर्वीचे चित्र पाहिले तर ओळखू येणार नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियात गर्भपाताच्या अटी सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली ती राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी, रिपब्लिकन पक्षाच्या. १९७० साली न्यूयॉर्कने त्याहून मोकळा कायदा केला तेव्हा तिथले राज्यपाल रॉकफेलर हेही रिपब्लिकनच. उलट कॅथलिक मतदारांचा मोठा भरणा डेमोक्रॅटिक पक्षात होता आणि गर्भपाताला विरोध करणारे पुढारीही तिथे भरपूर होते. दक्षिणेतल्या बाप्टिस्ट चर्चच्या महासभेने १९७१ साली ठराव केला, त्यात बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला मुभा देणारे कायदे व्हावेत असे म्हटले होते. आज हे सांगितले तर त्याच चर्चमधल्या तरुणांना खरे वाटणार नाही.

२२ जानेवारी १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाचा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल सात विरुद्ध दोन मतांनी आला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांना नेमले होते रिपब्लिकन निक्सन यांनी, आणि विरोधात मत देणाऱ्या दोघांतले बायरन व्हाइट हे डेमोक्रॅट केनेडींनी नेमलेले. पक्षाची रेघ अजून पडलेली नव्हती. पुढच्याच वर्षी तरुण डेमोक्रॅट सिनेटर जो बायडन हा निकाल जरा जास्तच पुढे गेला असे बोलून गेले होते.

रेघ ओढली गेली ती हिशेबाने. निक्सन यांच्या सल्लागारांना १९७२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांकडची कॅथलिक मते फोडायची होती. १९७६ साली रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यात गर्भपाताविरुद्ध घटनादुरुस्ती मागणाऱ्यांना पाठिंबा आला. सरकारी पैसा गर्भपातासाठी वापरायला बंदी घालणारी हाइड तरतूदही त्याच वर्षीची. मग १९७९ साली जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ उभी राहिली. रँडल बाल्मर या इतिहासकाराने इथे एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. या धार्मिक पुढाऱ्यांना सरकारविरुद्ध पहिल्यांदा एकत्र आणले ते गर्भपाताने नव्हे. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांची करसवलत सरकार काढून घेऊ लागले, त्याचा तो राग होता. पण वर्णभेदाच्या बचावावर देशभर मते मागता येत नाहीत. पोटातल्या बाळाच्या नावाने मागता येतात. १९८० साली रेगन अध्यक्षपदी निवडून आले ते गर्भपाताचे कट्टर विरोधक म्हणून. तेरा वर्षांपूर्वीची सही लोक विसरले.

त्यानंतर दोन्ही पक्षांतले वेगळ्या मताचे लोक हळूहळू बाहेर पडले किंवा गप्प झाले. उमेदवार ठरवायला तिथे पक्षांतर्गत निवडणूक असते आणि तिला कट्टर कार्यकर्तेच जास्त येतात, त्यामुळे मधला माणूस उमेदवारीच्या पायरीवरच अडतो. न्यायाधीश अध्यक्ष नेमतो, सिनेट मान्य करते आणि तो तहहयात राहतो, त्यामुळे प्रत्येक नेमणूक ही याच प्रश्नावरची लढाई झाली. २४ जून २०२२ ला ‘डॉब्ज’ निकालाने रो निकाल मोडीत निघाला आणि प्रश्न पुन्हा राज्याराज्यांकडे गेला. आज टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबातल्या सुनेला आणि न्यू जर्सीतल्या तिच्या बहिणीला एकाच देशात दोन वेगळे कायदे आहेत.

या भांडणाची झळ मुंबईपर्यंत आली होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. कुटुंबनियोजनाचे काम करणाऱ्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ १९५२ साली मुंबईतल्या परिषदेत जन्माला आला. धन्वंती रामा राव, आवाबाई वाडिया या बाया त्यामागे होत्या. १९८४ साली रेगन सरकारने मेक्सिको सिटीतल्या लोकसंख्या परिषदेत जाहीर केले, की गर्भपाताची सेवा देणाऱ्या किंवा त्याची बाजू मांडणाऱ्या परदेशी संस्थांना अमेरिकेचा पैसा मिळणार नाही. मुंबईत जन्मलेल्या त्या संघाने अट नाकारली आणि मदत गमावली. तेव्हापासून वॉशिंग्टनमध्ये पक्ष बदलला की ही अट जाते किंवा परत येते.

दुसरे उदाहरण आयर्लंडचे, आणि ते आपल्याला फार जवळचे आहे. तिथे १९८१-८२ या दीड वर्षात तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. कोणत्याच पक्षाचे बहुमत टिकेना. नेमके त्याच वेळी गर्भपातबंदी घटनेत घाला म्हणणाऱ्या एका गटाने दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांकडून आश्वासन घेतले. आपण नाही म्हटले आणि दुसऱ्याने हो म्हटले तर मते जातील, या धास्तीने दोघांनीही हो म्हटले. १९८३ च्या सार्वमतात दुरुस्ती मंजूर झाली आणि गर्भाच्या जिवाला आईच्या जिवाइतकाच हक्क घटनेत लिहिला गेला.

एकोणतीस वर्षांनी त्या वाक्याची किंमत बेळगावच्या एका मुलीने दिली. आंबोली घाट चढून गेले की जे बेळगाव लागते, जिथे सिंधुदुर्गातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाजाराला, शिक्षणाला, दवाखान्याला जातात, तिथेच सविता हलप्पनवार वाढली, तिथेच ती दंतवैद्यक शिकली. लग्नानंतर आयर्लंडला गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतरा आठवड्यांची गरोदर असताना, गॉलवेच्या रुग्णालयात तिला दाखल केले. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळले होते. तिने आणि तिच्या नवऱ्याने गर्भपात करा अशी विनवणी केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने करता येत नाही, असे उत्तर मिळाले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. बेळगावात असती तर आपल्या १९७१ च्या गर्भपात कायद्याचे पाचवे कलम तिच्यासाठी पुरेसे होते: बाईचा जीव वाचवायला तातडीची गरज असेल तर एकटा नोंदणीकृत डॉक्टर, आठवडे न मोजता, गर्भपात करू शकतो. २०१८ साली आयर्लंडने ती दुरुस्ती रद्द करायला पुन्हा सार्वमत घेतले तेव्हा तिच्या आईवडिलांनी बेळगावातून आयरिश मतदारांना कळकळीचे आवाहन केले. सुमारे ६६ टक्के लोकांनी रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. या गोष्टीपाशी आले की मला पुढे जायला वेळ लागतो. ज्या पुढाऱ्यांनी १९८१ साली घाईत हो म्हटले, त्यांच्या डोळ्यांपुढे पुढची निवडणूक होती. सविता त्या वर्षी जन्मली होती.

मग आपल्याकडे १९७१ साली हा कायदा इतक्या निवांतपणे कसा झाला?

आधीची स्थिती निवांत नव्हती. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्याखेरीज सूट नव्हती, आणि स्वतः गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात. हा कायदा येत होता त्या काळात आपल्याकडे बालविधवांचे काय चालले होते ते सर्वांना ठाऊक आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच बायांसाठी. १८८१ साली सुरतेच्या एका तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, वृत्तपत्रांनी बायकांच्या नीतीवर अग्रलेख लिहिले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. कोकणातही विधवा केशवपन करून माजघरात बसवलेल्या होत्या, आणि घरातल्याच पुरुषापासून दिवस राहिले तर सुईण, झाडपाला किंवा विहीर एवढेच मार्ग होते. त्यांची नावे कुठल्या दप्तरात नाहीत.

विसाव्या शतकात कोकणानेच संततिनियमनाचा पहिला मोठा झगडणारा माणूस दिला. दापोलीजवळच्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्यावर खटले झाले. एका खटल्यात त्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. हाच पक्ष आदल्या वर्षी कोकणातली खोती रद्द करायचे विधेयक घेऊन उभा राहिला होता. जमीन कसणाऱ्याची आणि पोट बाईचे, हे दोन्ही प्रश्न एकाच पक्षाने सभागृहात नेले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ठराव फेटाळला गेला. एका पक्षाने बाळंतपणाच्या ओझ्याबद्दल बाईची बाजू सभागृहात मांडली, असे आपल्या इतिहासातले ते दुर्मीळ उदाहरण आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा आला तो आकड्यांच्या वाटेने. १९६४ साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल आला. ५० कोटी लोकसंख्येमागे वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत, त्यांतले ३९ लाख मुद्दाम केलेले, असा समितीचा अंदाज होता. ते बहुतेक बेकायदा, म्हणजे चोरून, अर्धशिक्षित हातांनी. मरणाऱ्या बायांत लग्न झालेल्या, पदरी तीनचार मुले असलेल्या बायाच जास्त.

याच वेळी मुंबईच्या रंगभूमीवर एक वेगळी सुनावणी चालू होती. डिसेंबर १९६७ मध्ये ‘रंगायन’ने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात अविवाहित शिक्षिकेवर आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा, आणि शेवटी तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा देते. गर्भ ठेवायचा की नाही, हे दोन्ही वेळा तिला सोडून बाकी सगळे ठरवतात. दिल्लीत गर्भपात कायद्याचा मसुदा तयार होत होता, त्यातही हेच व्हायचे होते.

विधेयक १९६९ साली राज्यसभेत आले, मध्ये लोकसभा विसर्जित झाली, १८ जानेवारी १९७१ ला राजापूरचे खासदार वेंगुर्ल्याचे नाथ पै बेळगावात अचानक वारले. त्यांच्या जागी प्रजा समाजवादी पक्षाचे मधू दंडवते निवडून आले. ते बसले त्या लोकसभेने १९७१ च्या ऑगस्टमध्ये कायदा मंजूर केला आणि १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्याआधीच्या दिवशी भारत-सोव्हिएत करार झाला होता, पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. कुणाचे लक्ष या कायद्याकडे नव्हते. १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. अमेरिकेतल्या रो निकालाच्या नऊ महिने आधी.

विरोधाची भाषणे झाली, पण पक्ष म्हणून कुणी उभे राहिले नाही. याचे कारण कायद्याच्या घडणीतच आहे. सरकारने हेतू सांगितले ते आरोग्य, माणुसकी आणि वंशशुद्धी. यात बाईचा हक्क नाही. कायदा म्हणतो, विशिष्ट कारणे आहेत असे डॉक्टरचे प्रामाणिक मत झाले तर गर्भपात गुन्हा ठरणार नाही. बाई मागते म्हणून नव्हे, डॉक्टरला वाटते म्हणून. आणि एक स्पष्टीकरण हळूच घातले: विवाहित बाईचे संततिनियमनाचे साधन फसले तर त्यातून येणारा मानसिक त्रास हे कारण धरावे. अविवाहितेचे नावही नाही. डॉक्टरांना संरक्षण मिळाले, लोकसंख्येची चिंता करणाऱ्यांना साधन मिळाले, नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या अधिकाराबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही. अशा कायद्यावर कोण कशाला भांडेल? अमेरिकेत भांडण पेटले कारण तिथे न्यायालयाने तो बाईचा हक्क म्हणून जाहीर केला होता. आपल्याकडे शांतता राहिली, कारण बाईला मध्ये आणलेच नव्हते. त्या कायद्याने असंख्य बायांचे प्राण वाचवले आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. पण ती शांतता कशावर उभी होती ते विसरू नये.

एकदाच पोटाचा प्रश्न खरोखर मतपेटीत उतरला, आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे विधिमंडळ होते ते महाराष्ट्राचेच. राष्ट्रपतींची संमती मिळण्याआधी निवडणूक आली आणि ते बारगळले. बेंगळुरूच्या तुरुंगातून सुटलेले दंडवते राजापुरातून पुन्हा निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. कोकणाला त्या विजयाची आठवण आहे ती कोकण रेल्वेच्या स्वप्नासाठी. देशभरच्या पुढाऱ्यांनी मात्र त्यातून दुसरा धडा घेतला: मुले, गर्भ, नसबंदी या विषयांना हात लावला की सरकार पडते. तेव्हापासून सगळेच पक्ष या दालनाचे दार लोटून घेऊन बाहेर बसले आहेत.

ऐंशीच्या दशकात दार उघडले ते पक्षांनी नव्हे, मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी. गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा उघड जाहिराती देऊन चालला होता. १९८५-८६ च्या सुमारास त्याविरुद्ध मंच उभा राहिला, मृणाल गोरे यांनी विधानसभेत खासगी विधेयक आणले आणि १९८८ साली गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यानंतर २००३ साली तो कडक झाला. तोवर राज्यातले सहा वर्षांखालच्या मुलींचे हजार मुलांमागचे प्रमाण १९९१ मधल्या ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ वर आले होते. घाटापलीकडच्या कोल्हापुरात ते ८३९ होते. सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बाया दिसतात आणि त्याचा अभिमान सांगितला जातो. पण चाकरमानी मुंबईला जातो म्हणून तो आकडा तसा आहे. मुली किती जन्मतात ते त्यातून कळत नाही.

हा लढा न्याय्य होता. त्याचा एक परिणाम मात्र नको तसा झाला. भिंतीभिंतीवर ‘भ्रूणहत्या पाप आहे’ लिहिले गेले आणि गावच्या बाईला गर्भपातच बेकायदा आहे असे वाटू लागले. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचे, मुलींचे गर्भ पाडण्याचे प्रकरण उघडकीला आले, औषध प्रशासनाने दुकानांवर धाडी घातल्या आणि गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच अनेक औषधविक्रेत्यांनी बंद केले. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आहेत. इतक्या लवकर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळत नाही. म्हणजे लिंगनिवडीशी त्यांचा संबंधच लागत नाही, तरी शिक्षा गोळीला झाली. देवनारच्या लोकसंख्या संस्थेने इतरांबरोबर केलेल्या अभ्यासात २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज निघाला आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. जिथे दुकानात गोळी नाही, तिथे बाईने कुठे जायचे?

गावपातळीवर मात्र हा विषय पक्षीय राजकारणात शिरला आहे, वेगळ्या नावाने. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्यपद राहत नाही. अर्ज छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत विरोधी पॅनेल जन्मनोंदीचा दाखला घेऊन उभे राहते, नाहीतर नंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाचा असाच नियम २००३ साली वैध ठरवला. ज्या सदस्याच्या बायकोला तिसऱ्यांदा दिवस राहतात, त्या घरात गर्भ ठेवायचा की पाडायचा याची चर्चा कुणाच्या खुर्चीवरून होते, हे सांगायला नको. आणि ती स्वतःच राखीव जागेवरून निवडून आलेली असेल, तर पॅनेलचे पुढारीही त्या चर्चेत येऊन बसतात. मोठ्या सभेत कुणी न विचारलेला प्रश्न इथे ओटीवर बसून सोडवला जातो.

२०२१ ची कायद्यातली दुरुस्तीही जुन्याच पद्धतीने आली. भाजप सरकारने आणली, विरोधकांनी ती समितीकडे पाठवा म्हटले, आवाजी मतदानाने मंजूर झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, काही गटांतल्या बायांसाठी चोविसापर्यंत दोघांचे, त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ. या बदलाची मागणी २००८ पासून होती. त्या साली मुंबईचे डॉ. निखिल दातार एका दांपत्यासाठी उच्च न्यायालयात गेले होते आणि हरले होते. २९ सप्टेंबर २०२२ ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांची मुभा आहे असे सांगितले, तेव्हा एकाही पक्षाने मोर्चा काढला नाही, विरोधात नाही आणि बाजूनेही नाही.

बाजूने कुणी नसणे याचा अर्थ मालवणच्या किनाऱ्यावर फार साधा आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, असे कायदा १९७१ पासून सांगतो. तरी सही मागितली जाते आणि कुणी आमदार त्याबद्दल प्रश्न विचारत नाही. आयुर्वेदाची पदवी असलेल्या डॉक्टरला गर्भपाताचा अधिकार नाही, आणि कोकणातल्या आरोग्य केंद्रांवर बऱ्याचदा तोच डॉक्टर असतो. स्त्रीरोगतज्ज्ञ शोधायचा तर ओरोस, नाहीतर कोल्हापूर, नाहीतर गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर आले, पक्षही आले. त्या आंदोलनात अपघाताच्या, हृदयाच्या रुग्णांबद्दल बोलले गेले. गुपचूप बांबोळीला जाणारी बाई तिथे येऊन बोलूच शकत नव्हती. चोवीस आठवडे उलटलेल्या बाईला मंडळ नाही म्हणाले तर उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गासाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या रूपाने जवळ आले, हा अलीकडचा खरा दिलासा. जिथे एकेक दिवस मोजला जातो तिथे मुंबईच्या फेऱ्या वाचणे ही मोठी गोष्ट आहे.

खासगी दवाखान्याला गर्भपात केंद्राची मान्यता देणारी समिती जिल्ह्याचीच असते. २००३ च्या नियमांप्रमाणे तिच्यात डॉक्टरांबरोबर एक जागा स्वयंसेवी संस्थेला आणि एक पंचायत राज संस्थेच्या प्रतिनिधीला आहे, आणि सदस्यांत किमान एक बाई हवी. म्हणजे सिंधुदुर्गातल्या कुठल्यातरी पक्षाच्या, मते मागून निवडून आलेल्या माणसाला आठ तालुक्यांत अशी केंद्रे कुठे आहेत आणि कुठे नाहीत हे कागदावर विचारण्याचा अधिकार आजही आहे. त्या जागेवर कोण बसले आहे, समितीची बैठक शेवटची कधी झाली, देवगड आणि वैभववाडीसाठी तिने काय ठरवले, हे पुढच्या जिल्हा परिषद निवडणुकीत एखाद्या बाईने सभेत उभी राहून विचारले, तर उमेदवाराला उत्तर द्यावे लागेल.